मैनाच्या फायलीवरची सही

बुधवार, संध्याकाळ

मैनाला आज इंजेक्शन देऊन झोपवलं. झोपवलं कसलं, मारलं. निदान इथं तरी खरं लिहू.

खुलताबादच्या कडूबाकाकांची ही वरातीची घोडी. मागच्या पायाच्या सांध्यात तार घुसली, आत पू झाला आणि एकही अँटिबायोटिक लागू पडेना. ती आमच्या पशुरुग्णालयात आली त्या पहिल्याच आठवड्यात मी आमच्या प्रमुखांना, सरांना म्हणाले होते, तिच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स वेगळ्या काढून सांध्यात सोडू. जंतूंशी लढायला आणि सांधा भरून यायला, दोन्हीला मदत होईल. सर हसले. "हे परिषदेत बोलायला ठीक आहे, डॉक्टर." मी गप्प बसले. का बसले?

परवा मैना पाय टेकवेनाशी झाली, तेव्हा सर म्हणाले, "करा तुमचा प्रयोग." तोवर हाड सडलं होतं. तरी केलं. उपयोग होणारच नव्हता.

आज सरांनी फायलीत लिहिलं, "प्लेटलेट उपचार अयशस्वी." उशीर झाल्याचा उल्लेखसुद्धा नाही. अयशस्वी! आता पुढच्या घोड्याला हे कोण करू देईल? आणि त्या शब्दाखाली दुसरी सही माझी. मुकाट्यानं केली.

कडूबाकाका रिकामा लगाम घेऊन फाटकाशी उभे होते.

"मॅडम, हे रक्ताचं औषध आधी दिलं असतं तर वाचली असती का वो?"

"सांगता येत नाही, काका."

"व्हय," ते म्हणाले. "तुम्ही लई केलं तिच्यासाठी." आणि त्यांनी मला हात जोडले.