फुलपाखरू माशाचा उपास

हिमायतनगर, हैदराबाद
२० ऑगस्ट २०१४

ती. सौ. कुसुमताईस,
धाकट्या मुकुंदाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींची साखर आटोक्यात असतील अशी आशा. इकडे मी, इंदुमती आणि मासा, तिघेही रागावलेले पण धडधाकट आहोत. (फोनवर तू रडतेस आणि मी सगळं कबूल करून बसतो, म्हणून हे पत्र.)

श्रावणी सोमवारी मी मासळी बाजारात दिसलो, हे खरं. पिशवीत झिंगे होते, हेही खरं. (तुला कळवणारे तुझे दीर आबासाहेब तारनाक्याहून एवढ्या लांब त्या बाजारात कशाला आले होते, हे कुणी विचारलंच नाही. असो.) पण झिंगे माझ्यासाठी नव्हते, माशासाठी होते. हा समुद्रातला फुलपाखरू मासा. हळदीसारखा पिवळा, डोळ्यावरून काळी पट्टी, आणि खाण्याच्या बाबतीत पहिल्या दिवाळसणाच्या जावयासारखा नखरेल. अभक्ष्य उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचं नाही, हा बाबांचा दंडक मीही पाळायला निघालो होतो गं! आधी त्याला भिजवलेला साबुदाणा घातला. त्यानं ढुंकून पाहिलं नाही, टाकीतल्या खाऱ्या पाण्याची मात्र सकाळपर्यंत खीर झाली. मग राजगिरा. मग इंदुमतीनं भगर शिजवली. शेवटी ज्याच्याकडून मासा आणला त्या दुकानदारानं हात जोडले, "पंतुलुगारू, मछली को उपास नक्को कराओ!" तेव्हा कुठे मी बाजारात गेलो. झिंगे मी बाल्कनीत, वेगळ्या खलबत्त्यात, जानवं कानाला अडकवून कुटतो आणि मग अंघोळ करतो. आणखी काय करू?

टाकी घराबाहेर गेल्याशिवाय बाबांच्या श्राद्धाला येणार नाही, पाणीसुद्धा घेणार नाही, असं तू लिहितेस. मग ऐक. टाकी जाणार नाही. इकडे राज्याचे दोन तुकडे झाले, ऑफिसातल्या फायली, कपाटं, पंखेसुद्धा वाटले गेले, आणि मी कुणाच्या वाट्याला जाणार त्याची यादी अजून लागायचीय. मला कुणी विचारलं? जो भेटतो तो म्हणतो, मुकुंदराव, बदली झाली तर परेशान व्हाल, टाकी काढून टाका. का म्हणून? एवढ्या वाटावाटीत या चार फूट काचेत कोण राहणार, हे तरी मीच ठरवणार! श्राद्धाचा स्वयंपाक सोवळ्यात होईल, टाकी बाहेरच्या खोलीतच राहील, आणि तुझं पान मी मांडणारच. नाही आलीस तर गाईला घालीन.

तुझा,
मुकुंद

ता. क. इंदुमती म्हणते, पत्र उर्मट झालंय, पुन्हा लिहा. नाही लिहिणार.

ता. क. २. मासा झिंग्यांनाही तोंड लावत नाही. आज नववा दिवस. मी काचेपाशी गेलो की दगडामागे जाऊन बसतो. दुकानदार म्हणतो, फार तर अजून आठवडा काढेल.

ता. क. ३. आई गेली तेव्हा मीही जेवत नव्हतो. तू ताट ठेवून पाठ फिरवून बसायचीस आणि म्हणायचीस, खाऊ नकोस, मी बघतच नाहीये. मग ताट रिकामं व्हायचं. काल मी टाकीकडे तशी पाठ करून बसलो, पण मला राहवत नाही, मी वळून बघतो. तुला जमतं. ताई, श्राद्धापर्यंत थांबू नकोस, लगेच ये. पाणी हवं तर नांदेडहून गोदावरीचं बरोबर आण.