न घेतलेल्या गोळ्या

चौल,
शुक्रवार

प्रिय क्रांती,

मघाशी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. तुमच्या घरी फोन स्पीकरवरच असतो, आणि तुझ्या सासूबाई, मायेने का होईना, "काय म्हनतात विहीनबाई?" असं मध्येच विचारतातच. म्हणून पत्र लिहिते आहे. सुपारीचे व्यापारी दिपेशभाई उद्या उरणला येताहेत, ते तुझ्या शाळेत तुझ्याच हातात देतील. वर्गात वाचू नकोस. मधल्या सुट्टीत कुठेतरी एकटी बस आणि मग उघड.

दिवाळीला तू राहून गेलीस तेव्हापासून मला भीती वाटते आहे. वाडीत झावळी पडली तरी दाराशी धावते. आमटीत दोनदा मीठ घालते, नाहीतर घालतच नाही. तुझे बाबा असते तर म्हणाले असते, आधी नीट बसून सांग काय झालंय. तेच करायचा प्रयत्न करते.

गणपतीनंतर आपण दोघी पनवेलला त्या डॉक्टरबाईंकडे गेलो होतो, तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्यांनी कागदावर दोन नळ्या काढल्या आणि दोन्हींवर काट मारली. टीबी आहे म्हणाल्या, छातीचा नव्हे, गर्भाशयाचा. कधीतरी लहानपणी अंगात शिरला, गप्प बसून राहिला आणि आतल्या आत नळ्या बुजवून टाकल्या. ना खोकला, ना ताप, कळणार कसं? नळ्याच बंद, तर बीज भेटणार कुठे. म्हणून ते बाहेर भेटवायचं, आयव्हीएफ करायचं. पण आधी सहा महिने गोळ्या. तू म्हणालीस, मी चौतीस वर्षांची आहे, एकदम आयव्हीएफच का नाही? तेव्हा त्यांच्याआधी मीच बोलून गेले, की बांध फुटून खारं पाणी शिरलं तर त्या शेतात लगेच कुणी भात लावत नाही, आधी पावसाला मीठ धुऊ द्यावं लागतं. बाई हसल्या. "तुमच्या आईंनी माझं काम हलकं केलं," म्हणाल्या. तू मात्र हसली नाहीस.

परतताना एसटीत तू मला बजावलंस, टीबी हा शब्द उरणच्या घरात निघता कामा नये, तुझ्या नवऱ्यापाशी, जीवनपाशीसुद्धा नाही. मी हो म्हटलं. त्या शब्दाचं काय होतं ते मी पाहिलंय गं. माझी अंबूआत्या वाडीच्या टोकाला खोपटात राहायची. तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. जात्यावरच्या ओव्या तिच्याइतक्या कुणालाच येत नसत, पण ऐकायला आम्ही मुलं आंब्याखाली, लांब बसायचो. घरात कुणी आजाराचं नाव घेत नसे. "तिला बरं नाही" एवढंच. ती गेल्यावर तिचं ताटही पुरून टाकलं. तेव्हा तुला काय वाटत असेल, ते मला कळत नाही असं समजू नकोस.

पण दिवाळीत ओट्यावर बसून तू सहज म्हणालीस, "आई, पुढच्या महिन्यात आयव्हीएफ सुरू करतोय. दुसरा दवाखाना बघितलाय, मी जुने कागद दाखवलेच नाहीत." सहा महिने अजून कुठे झाले होते? मी काही विचारणार, तेवढ्यात शेजारची येसूबाई आली आणि टेस्ट ट्यूब बेबीवरून तिने तुलाच धरलं. "म्हंजे गो, पोर काचंच्या नळीतच ऱ्हातं नऊ म्हयनं? नि कुनाच्या हातनं पडली त?" तू इतकी हसलीस की डोळ्यांतून पाणी आलं. मग आत जाऊन लेन्स काढून डबीत ठेवल्यास आणि तोंड धुतलंस.

डॉक्टरबाईंनी लेन्स घालायला मनाई केली होती. या गोळ्यांनी लघवी केशरी होते, डोळ्यांचं पाणीसुद्धा, लेन्स रंगून वाया जातात, तेव्हा चष्मा लावा म्हणाल्या होत्या. दुपारी तू झोपल्यावर मी ती डबी उचलून खिडकीशी धरली. लेन्स काचेसारख्या स्वच्छ होत्या.

मी रागावलेली नाही. गोळ्या घेणार तरी कुठे होतीस? तुमच्या घरात मिसळणाच्या डब्याचंसुद्धा झाकण चौघं उघडतात. पण बाळ रुजलंच नाही तर? रुजलं आणि आत तो आजार जागा झाला तर? बाळाला लागला, तुला काही झालं, तर? पुढचं लिहवत नाही.

काल सकाळी येसूबाई चहाला आली होती. मी तिला सांगितलं, मला टीबी निघालाय. आयुष्यात पहिल्यांदा ठरवून खोटं बोलले. शाळेत असते तर सिस्टर फिलोमिनांनी गुडघ्यांवर बसवलं असतं. "तुला? तरीच वाळलीस गो," म्हणाली आणि अर्धा कप तसाच ठेवून उठली. तिची बहीण तुमच्याच आळीत दिलेली आहे, म्हणजे रविवारपर्यंत बातमी तुमच्या ओटीवर पोचेल. त्याआधी तुला हे कळायला हवं, म्हणून हे पत्र. कुणी विचारलं तर सांग, दिवाळीत आईजवळ राहिले होते, म्हणून खबरदारी म्हणून डॉक्टरांनी मलाही गोळ्या दिल्यात. घरच्यांना अशा गोळ्या देतातच, कुणाला शंका येणार नाही. आधी पनवेलच्या बाईंना भेट, खंड पडलाय हे लपवू नकोस. जीवनला खरं सांग; तो चांगला आहे, त्याला संधी दे. आता तुझे सासरचे तुला शिमग्यालाही इकडे पाठवणार नाहीत, ते मी धरून चालले आहे. संध्याकाळी येसूबाईने भाकरी पाठवली, केळीच्या पानावर, म्हणजे माझ्या हातचं भांडं परत घ्यायला नको. मी ती खाल्ली. भीती गेलेली नाही, पण भाकरी गोड लागली. डॉक्टरबाई सांगतील त्या दिवसापासून गोळ्या सुरू कर. सकाळी उपाशी पोटी, भरल्या पेल्याने, स्वयंपाकघरात, सासूबाईंच्या देखत घे.

तुझीच,
आई