धुकं माझ्यापुरतं

७ जानेवारी १९९७, मंगळवार
सकाळी डिंडोलीहून टेम्पो काढला तर पांडेसऱ्यापर्यंत धुकं. डाईंग मिलच्या वाफेत मिसळून गेलेलं. समोरून येणाऱ्या स्कूटरचा दिवा शेवंतीसारखा उमलायचा नि बाजूनं निघून जायचा. सावकाश चालवला. मागं हॉर्नवर हॉर्न. सुरतेत ब्रेकचं काम हॉर्नकडून करून घेतात. घाई कुणालाच नसते, फक्त पुढं असायचं असतं.
कापडाचे ताके मिलवर उतरवून घरी जेवायला आलो. बायकोला म्हटलं, "रत्ना, काय धुकं होतं आज!" भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.
"कायचं धुकं? सकाळपासून ऊन हाये चक्क."
मग ते काय होतं?

९ जाने.
शेठनं पेजर दिला. कमरेला लावायचा. अंगावर बेडूक बसल्यासारखा थरथरतो. मग टेम्पो बाजूला घ्या, एसटीडी बूथ शोधा, शेठला फोन लावा. शेठ काय विचारतो? "क्यां पहोंच्या?" बूथवर पोचलो, शेठ.
पूर्वी निघालेला माणूस पोचेपर्यंत कुणाचाच नसायचा. रस्त्याचा असायचा. ड्रायव्हरकीत मला आवडलं ते तेवढंच. तेही आता गेलं.
संध्याकाळी सुजाताला पेजर वाचायला दिला. पोरगी बारावीला आहे, सगळं धडाधड वाचते. म्हणाली, "पप्पा, एवढी स्पष्ट अक्षरं आहेत की!" मी म्हटलं, पाहू, चष्मा करून घेऊ.

१४ जाने., उत्तरायण
अख्खी सोसायटी गच्चीवर. उंधियू, जिलेबी, टेपरेकॉर्डर. सगळे पतंगांकडे माना वर करून. मीही केली. आभाळ रिकामं! नुसतं निळसर दूध.
"काप्यो छे!" ओरडा झाला की मीही हसायचो. चारी बाजूंनी आनंद होत होता आणि तो कशाचा ते दिसत नव्हतं. वाईट नाही वाटलं. खरं सांगायचं तर देवळात डोळे मिटून बसतात लोक, तसं वाटलं.
रत्ना पाहत होती माझ्याकडे. पतंगाकडे नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार
आज लिहायला हात चालत नाही, तरी लिहितो.
बमरोलीचा रस्ता, दुपार, ऊन थेट काचेवर. मला रस्ता दिसत होता, मोकळा. आणि त्या मोकळ्या रस्त्यातूनच एक बाई निघाली. धुळकट लुगडं, डोक्यावर चिंध्यांचं गाठोडं. ब्रेक मारला. टेम्पो तिच्या पदराला लागून उभा राहिला.
गाठोडं खाली पडलं. मी उतरलो, चिंध्या गोळा करायला लागलो. खानदेशची होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वाकून माझ्या तोंडाकडं पाहिलं नि हळूच विचारलं,
"आंधळा शे का रे भाऊ?"
गाठोडं तिच्या डोक्यावर चढवून दिलं. ती गेली. पेजर थरथरत होता. घेतला नाही.
घरी येऊन र.ला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "चावी द्या शेठला. उद्याच."

४ फेब्रु.
दिली. शेठ समजले, पगार वाढवून पाहिजे. नंतर खरं कळल्यावर म्हणाले, "अरे भाई, लगनगाळो छे. थोडा दिवस खेंची नाखो." लग्नसराई आहे, थोडे दिवस रेटून न्या, असं प्रेमानंच म्हणाले. क्षणभर मन झालं. रस्ते पाठ आहेत, हात आपोआप वळतात. पण ती बाई कुठल्या वळणावर थोडीच उभी होती.
चावी टेबलावर ठेवून पायी आलो. रस्ता पायी फार लांब आहे. आणि मऊ.

१० फेब्रु.
डोळ्यांच्या डॉक्टरकडे. सु.नं शेजारच्या बेनची मोपेड मागून घेतली. शिकली कधी, मला पत्ताच नाही. "पाय उचला पप्पा, नीट बसा." बसलो. आयुष्यात पहिल्यांदा सुरत मागच्या सीटवरून. साड्यांचे रंग एकमेकांत उतरत होते, माणसांना कडाच नव्हत्या. पोरगी हॉर्न कमी वाजवते, ब्रेक लवकर दाबते. चांगलं चालवणं म्हणजे मागं बसलेल्याला स्वतःचा विचार करता यावा. मला आला.
मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात पिकलेला. डॉक्टर म्हणाले, आत लेन्स बसवू, आता सगळीकडे तेच करतात. म्हणजे यंत्रावर घडलेला तुकडा माझ्या डोळ्यात. त्यातून दिसेल तो लाल रंग माझाच असेल का?
र.ला विचारलं. ती म्हणे, "लालचं सोडा. माझं म्हातारपण दिसन ना आता तुम्हाले."

२६ फेब्रु., बुधवार
उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आज पट्टी काढली. पहिली रत्नाच दिसली. पुढं होऊन मुद्दाम समोर उभी राहिली होती. कपाळावर आठी, कानाजवळ पांढरे केस, हनुवटीवर गोंदण. ते गोंदण हिरवं आहे, मला काळं आठवत होतं.
"मंग? हाये का बायको कामाची?"
नर्स म्हणाली, रडू नका, डोळा ओला करायचा नाही.
गोंदण हिरवं आहे.

२८ मार्च
डॉक्टर म्हणाले, दिवसा चालवायला हरकत नाही. डावा डोळा पावसाळ्यानंतर करू.
शेठ घरी आले, चहा घेतला. नवा ड्रायव्हर पटत नाही म्हणाले. "गाडी तमारी ज छे." सु. म्हणते, जा पप्पा. र. कप उचलून आत गेली. आणि मी? उजव्यानं सगळं इतकं धारदार दिसतं की भीती वाटते. पूर्वी रस्त्यात एवढी माणसं होती? सगळ्यांना चेहरे होते?

३० मार्च, रविवार
रात्रभर विचार करून सकाळी रत्नाला म्हटलं, तू सांग. तू म्हणशील तसं. ती म्हणाली, "बसल्याबिगर कशी सांगू? इतकी वर्सं टेम्पो चालवला, मले कधी बसवलं? डुमसले न्या. समुद्र पाह्यला नाही म्या. मंग सांगतो."
शेठकडून टेम्पो मागून आणलाय. दारात उभा आहे, ऊन स्वच्छ आहे. आत ती साडीच्या निऱ्या करतेय, सु. पिना लावून देतेय, दोघी हसताहेत कशाला तरी. चावी र.च्या कमरेला आहे. अजून मागितली नाही.