वाफ्यावरचा पेंढा

आबा, तुमच्या अडाणीपणाची मला जेवढी चीड आली, तेवढी दुसऱ्या कशाची आली नाही. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी ती पुरती गेलेली नाही.

मी नुकताच ग्रामसेवक झालो होतो. खाली धरणाचं पाणी डोळ्यांना दिसायचं, पण आपल्या वाडीला चैत्रात ओढ्यातल्या झिऱ्याचाच आधार. त्यावर दोन वाफे कोथिंबीर जगवायची, आणि तुम्ही घागरीच्या घागरी ओतायचात. निम्मं पाणी ऊनच पिऊन टाकायचं. मी म्हटलं, ओळींमध्ये भाताचा पेंढा पसरू, दिवसाआड झारीने पाणी घालू, निम्म्यात भागेल.

"बैलाच्या तोंडचा घास मातीला घालतुयास व्हय? आनि झारीनं? तान्हं लेकरू हाय का त्ये, पळीनं पाजायला?"

पण पेंढा दिलात. कोथिंबीर आली, चांगली हिरवीगार. मी वाडीतल्या शेतकऱ्यांना आणि तालुक्याच्या साहेबांना बघायला बोलावलं.

त्या दिवशी सकाळी वाफ्यावर येतो तर चिखल. पेंढा वाहून बांधाला लागलेला, कोथिंबीर आडवी झालेली. तुम्ही रिकामी घागर घेऊन धापा टाकत उभे.

"पाव्हनं येनार, आनि त्यास्नी कोरडा वाफा दावायचा? लोक म्हनतील, ह्याच्या घरात पानी घालाया बी कोन न्हाई."

लोक आले. शेजारचे काका बांधावरूनच ओरडले, "कमी पान्याची कोथिंबीर म्हनं! हितं तर भात लावाया झालाय!" सगळे हसले. साहेबही हसले. त्यांना शेपू आणि कोथिंबीर दुरून सारखीच दिसत असणार. "कारणं लिहून पाठवा," म्हणाले आणि विजारीला चिखल लागायच्या आत निघून गेले. त्यानंतर वाडीत कुणी पेंढ्याचं नाव काढलं नाही. वैशाखात झिरा आटला आणि हसणारेच घागरी घेऊन कोसभर चालू लागले. मला त्यांची कीव आली नाही.

साहेब गेले त्याच दुपारी मी ओटीवर बसून अहवाल लिहिला. 'शेतकऱ्याच्या अडाणी व हेकेखोर वागण्यामुळे प्रयोग वाया गेला.' तुम्ही शेजारी येऊन बसलात.

"काय लिवलंस रं? माजं बी हाय का त्यात?"

"आहे."

"मग वाच की."

मी कागद समोर धरून वाचलं, "शेतकऱ्याने मनापासून मेहनत घेतली."

तुम्ही मुंडाशाच्या टोकाने तोंड पुसलंत. मग वाडीभर सांगत सुटलात, "सरकारच्या कागदात माजी म्येहनत लिवलीया." एवढ्याशाने सुखावणारा माणूस, म्हणून मला तुमचा आणखी तिटकारा आला. त्याच पावसाळ्यात तुम्ही गेलात.

आता दुसऱ्या गावांत चार-दोन जण पेंढा घालतात. बघायला कुणी येणार असलं की मी आदल्या दिवशी बजावून येतो, पाहुणे येणार म्हणून पाणी ओतू नका. ते हसतात. असं कोण करील, विचारतात. मी म्हणतो, होता एक अडाणी.

तुम्हाला वाचून दाखवलेलं वाक्य त्या कागदावर नव्हतं, आबा. ते आज पहिल्यांदा लिहिलं, तेही या कागदावर, जो कुठेच जायचा नाही.