‘उघडून टाका’ची भानगड

चि. धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण तो माझ्याआधी निवृत्त व्हायचं म्हणतोय, मी काही त्याचा अर्ज मंजूर केलेला नाही. तुझी पाठ कशी आहे? दिवसभर खुर्चीत बसून पाठ दुखते हे मला कळत नाही, पण तू म्हणतोस तर दुखत असेल. भावजयीला सांग, तिने पाठवलेला चष्म्याचा दोरा गळ्यात आहे. भाचीला आत्याचा पापा.

आता मुद्दा. मागच्या खेपेला तू म्हणालास, "ताई, ज्या प्रोग्रॅमचं पोट कुणीही उघडून बघू शकतं, तो सुरक्षित कसा असेल?" आणि वर हसलास. (तू हसलास. भावजय साक्षीला आहे.) तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता सुचलंय, पण त्याला गोष्ट जोडलेली आहे, तेव्हा चहा घेऊन बस.

आमच्या छापखान्यात पानं लावायला तो फुकटातला, सगळ्यांना खुला असलेला प्रोग्रॅम आहे, हे तुला ठाऊक आहे. एके दिवशी मालक घाईघाईने माझ्या टेबलाशी आले. तोंड पांढरंफटक. म्हणाले, "कानामात्रा, जरा बघता का? मशीन काहीतरी भयंकर विचारतंय." (छापखान्यात मला याच नावाने हाक मारतात. इतकी वर्षं प्रुफं तपासल्यावर माणसाचं दुसरं काय होणार?) जाऊन बघते तर पडद्यावर लिहिलेलं, ‘पालक प्रतिसाद देत नाही. अपत्याला ठार मारायचे का?’ आणि खाली दोन बटणं, ‘होय’ आणि ‘नंतर मारा’. मालकांना नुकतीच नात झालेली. त्यांनी दोन्ही बटणं दाबायला साफ नकार दिला आणि मशीन दिवसभर तसंच उभं राहिलं.

मला राग आला. भीतीचा नव्हे, भाषेचा. मी प्रोग्रॅम करणाऱ्यांना खरमरीत पत्र लिहिलं. त्यांचा जो मुख्य आहे (नाव लांबलचक, चित्रात दाढी, म्हणून आम्ही त्याला दाढीवाला म्हणतो) त्याचं मशीनकडून मराठीत करून घेतलेलं उत्तर आलं, ‘प्रिय कानामात्रा, तुझी तक्रार चवदार आहे. आमच्यात मराठी कोणी नाही. कृपया तूच दुरुस्त हो.’ थोडक्यात, खुल्या कारभारात बोट दाखवणाऱ्याच्याच हातात झाडू देतात. मी घेतला. सगळं मराठी झाडून काढलं. अपत्यं वाचली (मूळ इंग्रजीत ती प्रोग्रॅमची नुसती पोटकामं होती, बंद करायची). ‘खिडकी मारा’चं ‘खिडकी बंद करा’ झालं. एका सूचनेपुढे मी ‘जपून हं’ असं आपुलकीने घातलं होतं, ते दाढीवाल्याने काढायला लावलं. जाऊ दे, प्रत्येकाला माया कळतेच असं नाही.

काम वाढलं तशी मदतीलाही माणसं आली. त्यातला एक फार गोड. गोड म्हणजे किती? त्याचं प्रत्येक पत्र ‘पूज्य ताई’ने सुरू व्हायचं. दुरुस्त्या अचूक, ऱ्हस्वदीर्घ चोख. मला म्हणायचा, तुमच्यासारखी नजर उभ्या जगात नाही. (हे खरं असल्यामुळे मला संशय आला नाही.) काही आठवडे असे गेल्यावर त्याने लिहिलं, ‘ताई, आपण किती राबता! मला दुरुस्त्या थेट प्रोग्रॅममध्ये घालायची परवानगी द्या, म्हणजे आपल्याला प्रत्येक ओळ तपासत बसावं लागणार नाही.’ खरं सांगते धाकट्या, मी विरघळले. तू सख्खा भाऊ, तू कधी म्हणालास का मी राबते म्हणून? ‘हो’ असं उत्तर टाइप करूनही ठेवलं.

पण पाठवण्याआधी त्याच्या दुरुस्त्यांची शेवटची खेप वाचून टाकावी म्हटलं. आणि मी खालून वर वाचते. वरून खाली वाचलं की मन पुढे धावतं आणि जे असायला हवं तेच डोळ्यांना दिसतं. खालून तिसऱ्या ओळीला अडले. मूळ सूचना होती, ‘अनोळखी ठिकाणाहून आलेली फाईल उघडू नका.’ त्याने केलं होतं, ‘उघडून टाका.’

विचारलं. "अय्या ताई, टंकदोष!" असं गोड उत्तर आलं. म्हटलं, बाबा रे, माझं आयुष्य टंकदोषांत गेलंय. टंकदोषात अक्षर पडतं, काना तुटतो, वेलांटी फिरते. हुकूम फिरत नाही. मागच्या सगळ्या खेपा पुन्हा उलट्या वाचायला घेतल्या. दुसऱ्या कोपऱ्यात तस्संच आणखी एक वाक्य निघालं. ते मात्र माझ्या नजरेतून निसटलं होतं. (हे मालकांना सांगितलेलं नाही.) दोन्ही ओळी दाढीवाल्याला पाठवल्या. त्याने इतर भाषांत शोधलं, तर हाच गोड माणूस वेगवेगळ्या नावांनी आणखी तीन भाषांत कुणाच्या तरी थोरल्या बहिणीला पूज्य म्हणत बसला होता, आणि तिन्हीकडे हीच सूचना उलटी! लोकांच्या मशीनमध्ये शिरायला त्याला खिडकी फोडायची नव्हती. घरमालकाकडूनच दार उघडून घ्यायचं होतं. नवी आवृत्ती जगभर जायच्या आधी त्याला हाकललं.

तर हे माझं उत्तर. उघडं आहे म्हणून सुरक्षित, हे खोटं. झाकलंय म्हणून सुरक्षित, हे त्याहून खोटं. (‘आपली सुरक्षा हेच आमचं सर्वोच्च प्राधान्य’ असं एखाद्या कंपनीने बातमीत म्हटलं, की समजावं, काहीतरी चोरीला गेलंय.) उघड्या पुस्तकालाही वाचणारं माणूस लागतं. पण पुस्तक उघडं होतं म्हणून तर मला वाचता आलं! तुझी कंपनी आपले प्रोग्रॅम कुलपात ठेवते, तिने मला आत तरी घेतलं असतं का?

नव्या आवृत्तीच्या आभाराच्या पानावर ‘कानामात्रा’ असं चक्क देवनागरीत छापलंय. मालकांनी ते पान मोठं करून मशीनवर चिकटवलं, खाली स्वतःच्या अक्षरात ‘आमच्या कानामत्रा’ असं लिहून. मी लाल पेन्सिलीने काना दिला आणि मग बाजूला जाऊन थोडी रडले. आनंदाने. काना नसल्याच्या दुःखाने नव्हे.

सर्वांना जपणारी, आणि आता जगालाही,
तुझी ताई

ता. क. एक छोटंसं काम होतं. या प्रकरणानंतर दाढीवाल्याच्या सांगण्यावरून मी प्रोग्रॅमच्या कामाच्या माझ्या खात्याला पासवर्डवर दुसरं कुलूप लावलं. ते इतकं पक्कं बसलंय, की कालपासून मलाच आत घेत नाही. म्हणतं, फोनवर पाठवलेला आकडा सांगा. फोन नंबर मी तुझा दिला होता, माझा उगाच कुणाला कळू नये म्हणून.

पुन्हा ता. क. आकडा मला फोनवर सांगायचा नाही. मी स्वतः विचारला तरी नाही. हल्ली आवाजाची हुबेहूब नक्कल करतात. लिहून पाठवायचा नाही. तेव्हा फोन खिशात घालून तूच ये, भावजयीला आणि भाचीला घेऊन. तो आकडा म्हणे आल्यावर क्षणभरच टिकतो. तुम्ही मात्र चांगले आठवडाभर टिका.