गढूळ पेला

प्रिय ठमे,

घरी सुखरूप पोचले. गुडघा दुखतो म्हणून तुझे बाबा आले नव्हते, पण तू डब्यात दिलेला केक त्यांनीच संपवला. आता मुद्द्याचं. तुझ्या नव्या घरची शनिवारची दुपार माझ्या डोक्यातून जात नाही. तू म्हणशील, आईला सगळीकडे काहीतरी काळंबेरं दिसतं. दिसतंच. तीस वर्षं दवाखान्यात औषधं देताना प्रत्येक बाटली उजेडाकडे धरून बघितली, ती सवय निवृत्तीबरोबर थोडीच जाते?

तुझं ते पुदिन्याचं पेय मी नीट बघत होते. पुदिन्याची पानं आणि साखर चमच्याच्या पाठीने नुसती दाबायची, चेचली तर कडू होतात. मग बर्बन, म्हणजे ती मक्याची व्हिस्की, आणि वर टॉवेलात गुंडाळून लाटण्याने कुटलेला बर्फ, शिगोशीग. हे सगळं तू पाहुण्यांसमोर टेबलावर केलंस, मोठ्या ऐटीत. मग जावईबापूंचा पेला तेवढा स्वयंपाकघरातून भरून का आला? मी दिलेले काचेचे ग्लास कपाटात असताना सगळ्यांना स्टीलचे पेले का? स्टीलवर दव छान धरतं, असं तू सांगितलंस. मी मान डोलावली आणि एका अक्षरावर विश्वास ठेवला नाही. त्यांच्या ऑफिसातल्या त्या ढेरपोट्या मित्राने चुकून जावईबापूंचा तो पोचा आलेला पेला उचलला, तेव्हा तू झडप घालून काढून घेतलास. तेवढी चपळाई तू शाळेत असताना एकदाही दाखवली नव्हतीस.

खरं सांगते, नवऱ्याच्या नकळत दारू सोडवायच्या पुड्या मागायला किती बायका माझ्या खिडकीशी यायच्या. मला वाटलं, माझी पोरगीही त्यातलीच झाली. म्हणून मी भांडी घासायचा हट्ट धरला. त्या पेल्यात उरलेलं एका काचेच्या ग्लासात ओतलं आणि खिडकीशी धरलं. गढूळ. बर्बन बर्फात राहिली तरी नितळच दिसते, बाकीच्यांच्या पेल्यांतली तशीच होती. थंड झाल्यावर गढूळ होतो तो कडक कोरा चहा. चाखून बघितलं. चहा, साखर, पुदिना, बाकी काही नाही. पेला घेताना त्यांनी तुझ्याकडे कसं बघितलं होतं ते तेव्हा आठवलं. म्हणजे हे तुमचं दोघांचं ठरलेलं होतं.

मला एका नजरेत कसं कळलं, ते आता सांगते. बाबांना अ‍ॅसिडिटी आहे म्हणून ते पीत नाहीत, हे मी तुला सांगत आले ते साफ खोटं. तू तीन वर्षांची होतीस तेव्हा त्यांनी दारू सोडली. पुढची दोन वर्षं मित्र घरी जमले की त्यांचा ग्लास मी कोऱ्या चहाने भरायचे. चहा गढुळला की मी घाईने ग्लास बदलायचे. कुणाला पत्ता लागू दिला नाही याची मला फार घमेंड होती. मग ते एकदा घसरले, आणि कुणालाच काही माहीत नसल्यामुळे मला रडायलाही कुणी नव्हतं. माझ्या आईला पत्र लिहायला बसले आणि तुझ्या दातांबद्दल चार ओळी लिहून पाकीट बंद केलं.

म्हणून हे पत्र. मला तुला काही विचारायचं नाही आणि तूही काही कबूल करू नकोस. काल मी बाबांना सगळं सांगितलं, रागवायचं तर रागव. ते म्हणाले की त्या दिवशी गुडघा दुखत नव्हता, आणि उठून बुटांना पॉलिश करायला लागले. या रविवारी ते तुझ्याकडे येतील, एकटेच, जावईबापूंशी बोलायला. दोघांना बसू दे, मध्ये लुडबुडू नकोस. चहा मात्र कर. कोराच कर, आणि कपात दे.

तुझीच,
संशयी आई