अवे किती करावीत

३ मार्च
निर्णय झाला. हाडांचा डॉक्टर होणार. रेसिडेन्सीची, म्हणजे पुढच्या पाच वर्षांच्या प्रशिक्षणाची, जागा कुठं मिळते ते पुढच्या मार्चमध्ये कळेल. तोवर एकच प्रश्न, अवे किती करायची? अवे म्हणजे परगावच्या हॉस्पिटलात महिनाभर फुकट राबून दाखवायचं, की बघा, मी किती गुणी आहे. बायको ब्रिजेट म्हणाली, टोलीडोतच मिळेल असं काहीतरी कर, माझी शाळा इथं आहे, आई इथं आहे. मी म्हणालो, टोलीडो तर खिशात आहे. तिनं खिसा दाखव म्हटलं. शिक्षिकांना सगळं दाखवावं लागतं.

९ मार्च
आमच्या विभागाच्या डॉ. ओस्ट्रँडर बाईंचा सल्ला घेतला. म्हणाल्या, इथं आमच्याकडे पूर्ण महिना कर, बाहेर दोन कर, बास. चार का नकोत, असं विचारलं. तर म्हणाल्या, बाबा रे, दोन ठिकाणी माणूस गोड वागतो. तिसऱ्या ठिकाणी थकतो, आणि थकला की खरा दिसतो.
बाईंचा काळ वेगळा होता. मी थकत नाही. चार ठरली. घरी दोन आठवडे खूप झाले, पिकतं तिथं विकत नाही. वर्गातली नोरीन एकच अवे करणार म्हणे. बिचारी.

२८ जून
संकल्प. सगळ्यांच्या आधी पोचणे. खिशात कात्री, चिकटपट्टी, बँडेज ठेवणे. कमी बोलणे.

७ जुलै, पिट्सबर्ग
सगळ्यांच्या आधी पोचलो. इमारत चुकीची होती, पण आधी पोचलो हे खरं.

२९ जुलै
रेसिडेंट मंडळींनी पिझ्झा मागवला होता. हळूच एकाला सांगितलं की पसंतीत तुमचं हॉस्पिटल माझं नंबर एक आहे. तो म्हणाला, अरे वा. छाप पडली.

१२ ऑगस्ट, मिलवॉकी
कमी बोलण्याचा संकल्प पाळतोय. आज फक्त ऑपरेशन चालू असताना सर्जनना एक शोधनिबंध समजावून सांगितला. वाचलाय म्हणाले. नंतर कळलं, त्यांनीच लिहिलाय. म्हणजे आमची आवड जुळते. इथंही नंबर एकचं सांगून ठेवलं. सगळेच सांगतात.

२४ ऑगस्ट
ब्रिजेटचा फोन. ओस्ट्रँडर बाई तिला दुकानात भेटल्या. मी कोण ते त्यांना आठवेना, शेवटी हिनं फोटो दाखवला. म्हणाली, अरे शहाण्या, घरी ये, महिनाभर त्यांच्या डोळ्यांसमोर राहा, अजून वेळ गेलेली नाही. मी समजावलं की दुर्मिळ वस्तूला किंमत येते. तिनं फोन ठेवला. बहुधा पटलं असावं.

५ सप्टेंबर
घरचे दोन आठवडे एका आठवड्यात उरकले. ओमाहाला लवकर जायचं होतं.

१८ सप्टेंबर, ओमाहा
विद्यार्थ्याचं काम म्हणजे ऑपरेशन होईतो पेशंटचा पाय धरून उभं राहणं. जागेसाठी पाय धरावे लागतात ते असे. आज धरल्या धरल्या डोळा लागला. पाय पडला नाही. मी पडलो. डोक्यावर मिलवॉकीच्या हॉस्पिटलची टोपी होती हे सगळ्यांनी तेव्हाच पाहिलं. थकवा नाही, खोलीत हवा कमी होती.

२१ ऑक्टोबर, टूसॉन
चौथं. जेवताना शेजारच्या रेसिडेंटला म्हणालो, तुमचं हॉस्पिटल माझं… पुढचं त्यानंच पूर्ण केलं, नंबर एक. मग खांद्यावर हात ठेवून सांगितलं, मित्रा, देशभरातले आम्ही बरेच जण एकाच फोनच्या ग्रुपवर आहोत. तिथं तुझं नावच ‘नंबर एक’ पडलंय. मग मला अजून एक तुकडा केक वाढला.
चार राज्यांत नाव झालं. हे चार अवेशिवाय शक्य नव्हतं.

४ डिसेंबर
घरच्या विभागात मुलाखत. समोरच्या एका सरांनी प्रेमानं विचारलं, टोलीडोला पहिल्यांदाच आलास का? राहायची सोय झाली ना? मी झाली म्हणालो. आणखी काय म्हणणार?

१५ डिसेंबर
नॉर्थ डकोटातल्या एका लहानशा हॉस्पिटलची मुलाखत, घरूनच, कॉम्प्युटरवर. अर्ज आपला गंमत म्हणून केला होता. दोन मिनिटांत इंटरनेट गेलं. पलीकडे माझा चेहरा हसरा गोठून राहिला आणि ते बोलत राहिले. ती जागा गेली म्हणून समजायचं. जाऊ दे, तिथं कोण जातंय?

२ मार्च
पसंतीची यादी भरली. हॉस्पिटलंही त्यांची भरतात, दोन्ही जुळवून प्रत्येकाला एकच जागा मिळते. टोलीडो पहिलं. यावेळी खरोखर पहिलं. हे कुणाला सांगावंसं वाटलं, पण आता मी ‘नंबर एक’ म्हणालो की लोक हसतात. ब्रिजेटला सांगितलं. ती हसली नाही. त्यानं जास्त भीती वाटली.

२० मार्च
कॉलेजात सगळ्यांसमोर निकालाची पाकिटं फोडली. टोलीडो नोरीनला मिळालं. ओस्ट्रँडर बाईंनी तिला मिठी मारली.
मला नॉर्थ डकोटा. ज्यांनी मला महिना महिना पाहिलं त्यांतल्या कुणीही घेतलं नाही. ज्यांनी दोनच मिनिटं पाहिलं त्यांनी घेतलं. त्यांचा फोन आला, म्हणाले, तू शांत आणि हसतमुख वाटलास, फार ऐकून घेतोस.
टोलीडो माझ्यामुळे गेलं. फार वाईट वाटतंय, आणि यावेळी सबब सुचत नाही.
ब्रिजेटला विचारलं, तू येशील ना? म्हणाली, पाच वर्षांचा प्रश्न आहे, असं एकदम कसं सांगू? उन्हाळ्यात शाळेला सुट्टी असते. आधी चार आठवडे येऊन बघते.